गोड म्हणून वाचलेला लंपन

गेल्या पौषात आपल्या वाचक मंडळाच्या बैठकीत प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’वर चर्चा झाली. बोलणाऱ्या सातही सभासदांनी एकच विशेषण वापरले : गोड. लंपन गोड, सुमी गोड, आजी-आजोबा गोड, आणि भाषा तर फारच गोड. एका वयोवृद्ध सभासद बाईंनी ‘आमच्या लहानपणचे दिवस परत आले’ असे सांगून डोळे टिपले. मी त्या दिवशी काही बोललो नाही. सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला बैठकीत गप्प बसण्याचा सराव असतो आणि इतिवृत्तात आपले नाव येऊ न देण्याचाही. परंतु घरी आल्यावर पुस्तक पुन्हा उघडले, आणि आपण सर्वांनी मिळून या लेखकावर थोडा अन्याय केला असे वाटू लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न केलेले भाषण आहे, असे समजावे.

ज्यांच्या वाचनात ही पुस्तके आलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ ही चार पुस्तके मौज प्रकाशन गृहाने प्रसिद्ध केली. चारही कथासंग्रह, आणि चारहींचा निवेदक एकच, लंपन नावाचा शाळकरी मुलगा. बेळगावच्या बाजूचे, कानडी मुलखातले एक लहानसे गाव. तिथे तो आजी-आजोबांपाशी राहतो. आई, बाबा आणि भावंडे दुसऱ्या गावी. लंपनच्या शाळेत सुमी आहे, कणबर्गी गंग्या आणि जंब्या कटकोळ यांच्यासारखे दोस्त आहेत, गाण्याचा वर्ग आहे, आगगाडी आहे. मोठे म्हणावे असे फारसे काही घडत नाही. मालिकेत पुढे बाबांचा मृत्यू येतो, तो मात्र मोठा.

‘ही कादंबरी की कथासंग्रह?’ असा प्रश्न बैठकीत एका सभासदाने विचारला होता आणि अध्यक्षांनी तो तांत्रिक म्हणून बाजूला ठेवला. मला तो तांत्रिक वाटत नाही. सुटी कथा वाचली तर ती गोडच लागते; एक खोडी, एक फजिती, एक पावसाळी संध्याकाळ. पण चारही पुस्तके ओळीने वाचली की प्रत्येक कथेखालून एकच प्रवाह वाहत असल्याचे ध्यानात येते. हा मुलगा जिथे आहे तिथे सुखी आहे आणि तरी तो आपल्या घरी नाही. कादंबरीकाराने हे पहिल्या प्रकरणात मांडले असते आणि शेवटच्या प्रकरणात सोडवले असते. संत तसे करीत नाहीत. मुलाला आपले दुःख सलग आठवत नसते. ते मधेच येते, एखाद्या वासाने, एखाद्या शिट्टीने, आणि पुन्हा खेळात बुडून जाते. असे तुटक येणारे दुःख सांगायला सुट्या कथांचाच घाट हवा. म्हणून मी यांना चार खंडांची एक कादंबरीच मानतो, आणि ज्यांनी फक्त ‘वनवास’ वाचून मत दिले त्यांनी पहिला खंडच वाचला आहे असे नम्रपणे नमूद करतो.

शीर्षकाकडेही आपण नीट पाहिले नाही. ‘वनवास’ हा शब्द आपल्या घराघरात रामायणातून आला आहे. तिथे वनवास देणारे कोणी आहे, मागणारी कैकेयी आहे, वर आहेत, वचन आहे. म्हणजे दोष ठेवायला जागा आहे. लंपनच्या वनवासात कैकेयी नाही. आजी त्याच्यावर माया करते, आजोबा करतात, आई-बाबा करतात. रवींद्रनाथांच्या ‘छुटी’ या कथेतला फटिक असाच आईपासून दूर, कलकत्त्याला मामाच्या घरी जातो. पण त्याच्या वाट्याला जाच करणारी मामी आहे. वाचकाला राग काढायला माणूस मिळते. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामीद आजीपाशी वाढतो, पण त्याचे आई-वडील वारलेले आहेत. संतांनी या दोन्ही सोयी स्वतःला नाकारल्या आहेत. इथे कोणी दुष्ट नाही आणि (निदान बराच काळ) कोणी मेलेलेही नाही. आई जिवंत आहे, प्रेमळ आहे, आगगाडीने जाता येईल इतक्या अंतरावर आहे, आणि तरी रोज संध्याकाळी ती तिथे नाही. अशा दुःखाची तक्रार मुलाने कोणापाशी करावी? तक्रार केली तर आजीचे मन दुखवते. न केली तर सगळे म्हणतात, पोरगे किती रमले आहे.

ही मालिका वाचणाऱ्याने लेखकाच्या चरित्राकडे पाहावे की नाही, यावर समीक्षकांत मतभेद असू शकतात. मी पाहतो, कारण मुखपृष्ठावरचे नावच तिकडे बोट दाखवते. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) हे कवयित्री इंदिरा संत आणि लेखक ना. मा. संत यांचे चिरंजीव. आई-वडिलांचा ‘सहवास’ हा एकत्रित कवितासंग्रह १९४० चा. १९४६ साली वडील गेले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. पुढे इंदिराबाईंनी बेळगावात शिक्षकी पेशात राहून संसार ओढला आणि विरहाची कविता लिहिली. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुलगा कराडला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. परंतु कराडात ज्यांना लोक ओळखत ते भालचंद्र दीक्षित. दीक्षित हे इंदिराबाईंच्या माहेरचे आडनाव. आजोळी दत्तक गेल्यामुळे ते मुलाकडे आले. पत्नी सुप्रिया दीक्षित यांच्या ‘अमलताश’ या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावरही तेच आडनाव आहे.

म्हणजे कागदोपत्री, पगारपत्रकावर हा मनुष्य दीक्षित होता. आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिले पुस्तक काढताना त्याने त्यावर ‘नारायण संत’ हे वडिलांचे नाव आणि आडनाव घातले. माझे उभे आयुष्य अर्जदाराचे नाव, वडिलांचे नाव, कायमचा पत्ता या रकान्यांत गेले, म्हणून कदाचित ही गोष्ट मला इतरांपेक्षा अधिक जाणवत असेल. दत्तक गेलेला मुलगा वारसाहक्काने जन्मदात्या घराचा राहत नाही. संतांनी पुस्तकांपुरता तो हक्क परत घेतला, आणि पुस्तकांत मात्र आजी-आजोबांविषयी एक कडू शब्द लिहिला नाही. हे दोन्ही एकत्र ध्यानात घेतले म्हणजे ‘गोड’ हे विशेषण फार तोकडे पडते.

आता सुमी. बैठकीत तिला ‘पहिले प्रेम’ असे नाव मिळाले, आणि काहींनी मिस्किल हसूनही घेतले. मला हे वाचन उथळ वाटते. लंपनला सुमीपाशी जे मिळते त्याला प्रेम म्हणा, मैत्री म्हणा. पण ते काय आहे हे समजण्यासाठी त्याच्या घराकडे पाहिले पाहिजे. ज्या मुलाच्या घरात आई-बाबा, भाऊ, बहीण असतात, तो आपल्या मनातले चार ठिकाणी वाटून टाकतो. ज्याला ती चार ठिकाणे नाहीत, तो सगळेच्या सगळे एका मित्रावर ठेवतो. म्हणूनच अशी मैत्री इतकी तीव्र असते, आणि ती गमावण्याची भीतीही. सुमीपुढे लंपनला काही समजावून सांगावे लागत नाही, आजीपुढे जसे रमल्याचे दाखवावे लागते तसे तिच्यापुढे काही दाखवावेही लागत नाही. आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) या कादंबरीत स्वामी आणि राजम यांची मैत्री अशीच सर्वस्व व्यापणारी आहे आणि ती आगगाडीच्या फलाटावर, हातातले पुस्तक भेट देण्याच्या धडपडीत संपते. योगायोग असा की नारायणही लहानपणी मद्रासला आजीपाशी वाढले. मी यातून सिद्धांत काढीत नाही. पण आजीच्या घरी वाढलेल्या या दोन लेखकांना बालमैत्री इतकी नेमकी दिसली, याची नोंद करावीशी वाटते.

याच ठिकाणी माझी पहिली तक्रारही नोंदवतो. सुमी आपल्याला फक्त लंपनच्या नजरेतून दिसते. निवेदन प्रथमपुरुषी असल्यामुळे ते अपरिहार्य आहे, हे मान्य. तरी चार पुस्तकांच्या विस्तारात ती कधी क्षुद्र, कधी मत्सरी, कधी कंटाळवाणी अशी दिसायला हवी होती, असे वाटते. लंपन स्वतःचे हट्ट, फजित्या, भित्रेपणा सारे सांगतो. सुमीला मात्र तो जवळजवळ निर्दोष ठेवतो. हा लंपनचा भोळेपणा की संतांची उणीव, हे चौथ्या वाचनानंतरही माझ्याकडून ठरत नाही.

दुसरी तक्रार भाषेविषयी, आणि ती जपून करावी लागेल, कारण भाषा हेच या लेखनाचे मोठे वैभव मानले जाते. लंपनच्या बोलण्यात ‘मॅड’ हा शब्द वारंवार येतो. आकडे येतात, तेही हजारांच्या घरातले आणि एककापर्यंत नेमके. प्रारंभी याची फार मौज वाटते. नंतर कळते की मौजेपेक्षा यात अधिक काही आहे. ज्या मुलाच्या हाती स्वतःविषयीचा एकही निर्णय नाही, तो जगाची मोजदाद तरी आपल्या हाती ठेवतो. आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत बसून पेरणीचे, पाणीटंचाईचे असेच नेमके आकडे वर पाठवीत असू. त्यांतले किती खरे होते ते देव जाणे, पण आकडा नेमका असला की धीर येतो, एवढे मी अनुभवाने सांगतो. मात्र पुढच्या पुस्तकांत ही लकब कधीकधी सवय होऊन बसते. आकडा येणार हे वाचकाला आधीच कळते, आणि मग तिथे मुलगा बोलत नसून लेखक मुलाची नक्कल करतो आहे असा भास होतो. असे प्रसंग फार नाहीत. पण ते आहेत, आणि प्रेमापोटी ते झाकून ठेवणे ही समीक्षा नव्हे.

भाषेची आणखी एक बाजू आपल्या भोपाळकरांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. लंपनच्या गावात मराठीच्या अंगाला कानडी लागलेली आहे. नावे, हाका, शिव्या, खाण्याचे जिन्नस, सगळीकडे तिचा वास आहे. शुद्ध मराठीच्या अभिमान्यांना तो खटकत असेल. आपल्याला तो खटकू नये. ज्यांच्या घरात ‘भाजी जल गई’ आणि ‘चहा उकळला’ ही वाक्ये एकाच श्वासात उच्चारली जातात, त्यांनी तरी कानडी-मराठीला नाक मुरडू नये. इतिहासाचा एक योगही सांगण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले, आणि त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या कचेऱ्यांतून किती मराठी कुटुंबांनी ट्रंका-वळकट्या बांधून इकडचा रस्ता धरला, हे आपल्यातल्या अनेकांनी वडिलांकडून ऐकलेले आहे. लंपनच्या कथा त्यापूर्वीच्या काळातल्या. पण ज्या मराठीत त्या लिहिल्या गेल्या आणि ज्या मराठीत आपण त्या वाचतो, त्या दोन्ही एकाच तारखेला परराज्यातल्या झाल्या.

आणि त्या स्थलांतरातच आपल्या घरांतले लंपन तयार झाले. माझे वडील त्या पहिल्या तुकडीत आले. माझा थोरला भाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. नव्या राजधानीत घर मिळेल न मिळेल, मराठी शाळा कशी असेल, या विवंचनेत त्याला नागपूरला आजीपाशी ठेवले, ‘एक वर्षासाठी’. तो मॅट्रिक होईपर्यंत तिथेच राहिला. मी त्यानंतर इथे जन्मलो. सुटीत तो यायचा तेव्हा आई त्याच्यासाठी वेगळे ताट काढी, पाहुण्याला काढतात तसे, आणि मला त्याचा हेवा वाटे. तो आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जाण्याचे दिवस मोजी, आणि आम्हांला वाटे, याला इथे आवडत नाही. ‘वनवास’ वाचल्यावर प्रथमच मनात आले की कदाचित तो उरलेले दिवस मोजत असेल.

या अनुभवानंतर मी तरी शहाणा व्हायला हवा होतो. पण झाबुआ आणि नंतर मंडला येथे बदली झाली तेव्हा मीही माझ्या मुलाला इथे आई-वडिलांपाशी ठेवले. शिक्षण, आजी-आजोबांना सोबत, सारी कारणे रास्त होती. पाच वर्षे तो तात्या टोपे नगरातल्या घरी राहिला. मागच्या क्वार्टरमधल्या एका मुलाशी त्याची अशी मैत्री जमली होती की दोघे एकमेकांच्या घरी जेवत, झोपत. पुढे त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली. आईने मला फोन केला, ‘पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही रे.’ मी घाईत होतो. ‘होईल ठीक, मुले विसरतात,’ असे म्हणून फोन ठेवला. त्याचे माझ्याशी वागणे आज अत्यंत आदराचे आहे. तो मला कधी उलटून बोलत नाही, आणि कधी काही मागतही नाही. आमच्या नातेवाइकांत या गोष्टीचे कौतुक होते.

हे खासगी पुराण इथे सांगण्याचे कारण एवढेच की लंपनला गोड म्हणणाऱ्यांत आपली पिढी अधिक आहे, आणि आपल्या पिढीने मुलांना ठेवलेले आहे. आजी-आजोबांच्या मायेचे वर्णन वाचताना आपल्याला आपणच केलेल्या व्यवस्थेची पावती मिळाल्यासारखे वाटते. मुलगा रमला होता ना? मग झाले. संत असे प्रमाणपत्र देत नाहीत. ते आजीची माया पुरेपूर देतात आणि तरी शीर्षकात ‘वनवास’ लिहितात. बाबांचा मृत्यू वाचून झाल्यावर पहिल्या पुस्तकाकडे परत गेलो तर त्यातल्या साध्या प्रसंगांचा रंग बदललेला दिसतो. ज्या वर्षांत हा मुलगा दूर होता, ती वर्षे बाबांच्या सहवासाचीही होती, आणि ती मोजकी होती. हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते, ठेवणाऱ्यांनाही नाही.

२०२४ साली या कथांवर ‘लंपन’ ही वेबमालिका आली. निपुण धर्माधिकारी यांनी ती दिग्दर्शित केली आणि त्याच वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. मालिका देखणी आहे, मुलांची कामे सुरेख आहेत. पण पडद्यावर मुलाचा चेहरा बाहेरून दिसतो, आणि मुलाचा चेहरा हा गोड असतोच. पुस्तकात चेहरा नाही, आतली बडबड आहे. तिथे गोडव्याला इतका वाव नाही. मालिका पाहून ज्यांना पुस्तक वाचल्याचे समाधान वाटले, त्यांना मी आग्रहाने पुस्तकाकडे धाडतो.

माझा मुलगा दिवाळीत आला होता. टेबलावरची तिन्ही पुस्तके त्याने दोन दिवसांत वाचली, काही न बोलता. जाताना म्हणाला, ‘बाबा, चौथे कुठे आहे?’ चौथे, म्हणजे ‘झुंबर’, मी आपल्या ग्रंथालयातून आणून वाचले होते आणि मुदतीत परत केले होते. आता पुन्हा मागितले तर नोंदवहीत ते कोणीतरी आषाढात नेल्याचे दिसते, सही वाचता येत नाही. ज्या सभासदांकडे ते असेल त्यांनी कृपया परत करावे. तो होळीला पुन्हा येणार आहे.